डावीकडची पांढरी रेघ

मृणालीनं टेबलाच्या खणातून माझी रक्तवाहिनी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. चष्मा ठेवतात तशी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली होती तिनं. रबरासारखी, अर्धवट पारदर्शक. वर अंगठ्याएवढी जाड नळी, मध्ये लिंबाएवढा फुगा, खाली फुटलेले दोन पाय, आणि फुग्याच्या वर दोन्ही बाजूंना एकेक काडी, त्या मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या. "घाबरू नका काकू, तुमचीच आहे," ती म्हणाली. माझीच आहे म्हणून तर घाबरायचं. दुसऱ्या कुणाची असती तर मी खुशाल उलटीपालटी करून बघितली असती. मी अलिबागच्या कोळीवाड्यातली. मासळीच्या पोटावरून अंगठा फिरवला की आत अंड्यांची गाबोळी आहे की नाही ते चिरायच्या आधी कळतं. अंगठा सवयीनं त्या फुग्यावरून फिरला आणि थांबला. आता आतून काहीतरी हलेल असं वाटलं. ते हललं नाही, पण माझ्या पोटात बेंबीच्या जरा वर जे रोज हलतं ते हललं, आणि तेवढ्या क्षणापुरती मी दोन रक्तवाहिन्यांची बाई झाले, एक आत, एक हातात. इतके दिवस भीती नुसती घरभर हिंडत होती, कधी स्वयंपाकघरात, कधी दुकानात टायपिंग करताना मानेमागे. आता तिला वजन आलं. फार नाही, एखाद्या उकडलेल्या अंड्याएवढं.

फुगा सापडला तो मुतखडे शोधताना. डाव्या बरगडीखाली दुखायचं म्हणून सोनोग्राफी केली. खडे निघाले नाहीत, हा निघाला. तो दुखत नव्हता बिचारा. डॉक्टर म्हणाले, दुखणं वेगळं, वाताचं. हा गुपचूप बसलेला असतो, आणि बोलतो तेव्हा एकदाच बोलतो. छातीतून खाली उतरणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, तिची भिंत एका जागी पातळ झालेली, आणि प्रत्येक ठोक्याला ती थोडी थोडी फुगत चाललेली. आतून जाळीचं अस्तर घालायचं हा उपाय. पण बाजारात तयार मिळणारी अस्तरं सरळ नळ्यांसाठी, आणि माझी नळी वाकडी. हे ऐकून माझा नवरा हरेश्वर हसला होता. "तुझं काय सरळ हाय म्हणून तं सरळ असंल," असं म्हणाला आणि मग बराच वेळ ओट्यावर जाऊन बसला. तर वाकड्या नळ्यांसाठी नवी मुंबईत ही प्रयोगशाळा. हॉस्पिटल माझ्या पोटाची चित्रं हिच्याकडे पाठवतं. पावाच्या लादीचे करावेत तसे पोटाचे पातळ पातळ काप, शेकड्यांनी. तिथली ही मृणाली ते काप कम्प्युटरवर एकावर एक रचते, त्यातून माझी नळी उभी करते, यंत्रातून छापून काढते आणि तिच्या मापाची जाळी बनवते. जाळी अजून सगळ्यांसाठी निघालेली नाही, माझ्यासारख्या थोड्या लोकांवर तपासून बघायची आहे. त्याला मी राजी असल्याच्या कागदावर सही केली. माझं कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे' हे वाक्य मी जन्मभर दुसऱ्यांसाठी बडवलं. स्वतःसाठी सही करताना पहिल्यांदा वाटलं, मला काय माहिती आहे?

मृणालीनं माझी नळी परत घेतली आणि काचेच्या पेटीत दोन नळ्यांच्या मध्ये जोडली. पंप सुरू केला. लाल रंगाचं कोमट पाणी ठोक्याठोक्यानं आत येऊ लागलं आणि फुगा हलायला लागला. मी खुर्चीची कड धरली. ती सांगत होती, हा धातू आपलं रूप विसरत नाही; भट्टीत एकदा शिकवलं की मग थंडीत चेपा, गुंडाळा, पिळा, अंगाची ऊब लागली की मूळ रूपावर येतो. तिनं बर्फाच्या पाण्यातून पेनातल्या रिफिलीएवढी बारीक काडी उचलली आणि खालच्या पायातून वर सरकवली. कोमट पाण्यात गेल्यावर काडी जागी झाली. सावकाश, लाजाळू उलगडतं तशी, चौकटी चौकटी सुटत गेल्या आणि फुग्याच्या आतून जाळीची भिंत उभी राहिली. फुगा हलायचा थांबला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते, मी खूश होईन म्हणून. मला रडू येत होतं, पण ते खुशीचं आहे की कशाचं हे ठरेना, म्हणून मी प्रश्न विचारला. "आणि चुकीचं रूप शिकवलं तर?" ती म्हणाली, "तर तेच लक्षात ठेवणार, काकू. म्हणून तर चित्रं चांगली लागतात." मग तिनं पडद्यावर माझं चित्र आणलं, काळ्यावर करडं, आणि फुग्याच्या मानेपाशी, डावीकडे, एक पांढरी रेघ दाखवली. तिथं भिंतीत चुना साचलाय. कडक झालीय. जाळीचे आकडे तिथं रुतणार नाहीत, म्हणून ती जास्त वर नेऊन धरवावी लागली, थेट डाव्या मूत्रपिंडाच्या तोंडावरून. तिथं रक्त जायला जाळीत खिडकी ठेवली आहे, तरी ते मूत्रपिंड टिकेलच असं सांगता येत नाही. डॉक्टर आधी बोललेच होते. एकावरही माणूस जगतो.

एकावरही माणूस जगतो. परतीच्या एसटीत वडखळच्या खड्ड्यांत प्रत्येक दणक्याला हे वाक्य माझ्या अंगात वर-खाली होत होतं. माणूस एका डोळ्यावर जगतो, एका पायावर जगतो, माझे सासरे शेवटी शेवटी एका फुप्फुसावर आणि बिडीवर जगले. पण बसनं दणका दिला की मी दोन्ही हात पोटावर धरायची, गरोदर बायका धरतात तशी, आणि शेजारची बाई उठून मला खिडकीची जागा द्यायला लागली. या वयात. मी घेतली. खिडकीतून पोयनाडकडची शेतं दिसत होती, भात कापलेली, आणि मला आठवलं, लहानपणी बाबांनी मला पहिल्यांदा बोटीत नेलं तेव्हा मी तळाशी पडलेल्या फळ्यांकडे बघत बसले होते. सगळे समुद्राकडे बघतात. मी फळ्यांकडे बघत होते, कारण समुद्र आणि मी यांच्यामध्ये तेवढंच होतं. एका फटीतून पाणी झिरपत होतं, बाबा म्हणाले, झिरपणारच, लाकूड आहे ते, आणि डबड्यानं पाणी उपसत गाणं म्हणत राहिले. मला त्यांचा राग आला होता. ज्या गोष्टीनं माणूस बुडू शकतो तिच्याबद्दल इतकं निवांत कसं राहता येतं? आता डॉक्टर तसेच बोलतात. भिंत आहे, पातळ होणारच.

दाखल व्हायची तारीख ठरली होती. हरेश्वर बोटीवर होता, परवा-तेरवा यायचा. मी दुपारी हॉस्पिटलची पिशवी भरायला घेतली. टॉवेल, चपला, घरातला चमचा, कारण दुसऱ्याचा चमचा तोंडात घालणं मला जमत नाही. आणि सुती गाऊन. हाच गाऊन मी पनवेलला चित्रं काढायला गेले तेव्हा घातला होता. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, बिनहुकाचा, बिनचेनचा, धातू काही नको. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी सगळं काढून मी सासूबाईंच्या ओच्यात घातलं होतं आणि लंकेच्या पार्वतीसारखी आत गेले होते. ते थंड फळीसारखं टेबल, ते मोठं कडं, दंडात सुई. औषध सोडल्यावर अंगातून गरम चहा ओतल्यासारखं खाली खाली गेलं आणि क्षणभर वाटलं, लघवी झाली, लाज गेली. मग भिंतीतून एक पुरुषाचा आवाज, रेकॉर्ड केलेला, हिंदीत, साँस अंदर लो, साँस रोको. मी रोखला. लहानपणी खाडीत बुडी मारून आम्ही मुली रोखायचो तसा, डोळे मिटून. तेव्हा वर काय चाललंय ते कळायचं नाही. फक्त कानात आपलंच रक्त वाजायचं. तिथंही तेच वाजत होतं. घरी आल्यावर गाऊन धुतला, घडी केली आणि कपाटात तळाला टाकला, जणू आजार त्यालाच झाला होता.

आता घडी मोडताना डाव्या कुशीच्या शिवणीत काहीतरी कडक लागलं. बरगडीच्या उंचीवर. अंगठा फिरवला. जाडसर, चपटं, बोटाच्या पेरापेक्षा थोडं मोठं. मला वाटलं सुरकुती असेल, मग वाटलं धुताना साबणाचा तुकडा अडकला असेल, माणूस सत्याच्या वाटेवर किती थांबे घेतो. मग मी ब्लेडनं शिवण उसवली. दोरा जाळं विणायचा होता, नायलॉनचा, टाके बारीक, एकसारखे. आतून शिशाचा तुकडा निघाला, ठोकून ठोकून पानासारखा पातळ केलेला. मी तो हातात घेऊन पलंगावर बसले आणि खरं सांगायचं तर काही वेळ मला काहीच कळलं नाही. कळणं मागून आलं, पायांकडून, पाणी चढतं तसं.

सासूबाई, चंद्राबाई, बाहेर वलांडीवर सुकत घातलेले बोंबील काढून पाटीत भरत होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं, पण मी काय करतेय ते भिंतीपलीकडून कळतं. दारात येऊन उभ्या राहिल्या. "कनाला उसवलंस गो तं?"

"आय, हे काय आहे?"

"शिसं हाय. तुज्या सासऱ्याच्या जाल्याचं."

"ते दिसतंय. गाऊनमध्ये कसं आलं?"

"मीच शिवलं. तू त्या यंत्रात जानार व्हतीस न. एकटी." त्यांनी पाटी खाली ठेवली. "आपल्या घरात पयल्यापासना हाय. जुना जाला मोडला की एक शिसं ठेवतान. पोराच्या पालन्याला बांधतान, नवरीच्या पदराला बांधतान. जाल्याला तलाशी धरून ठेवतं तं मानसालापन धरंल. वाहून न्हाय देत. तुज्या लग्नात पन व्हतं, तुला म्हाईत न्हाय."

"त्यांनी सांगितलं होतं, धातू नको."

"सोना नको म्हनलेले. शिसं काय सोना हाय? म्हनून तं ठोकून पातल केला, ज्या बाजूला दुखतंय म्हनतेस त्या बाजूला घातला. कोनाला दिसला पन न्हाय." शेवटचं वाक्य त्या थोड्या अभिमानानं बोलल्या. मला हसू आलं, आणि हसताना पोट हललं, आणि मी हसणं अर्ध्यात सोडलं. कुणाला दिसलं नाही कसं? सगळ्यांना दिसलं होतं. मशीननं ते पांढरं रेखाटलं होतं, डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं होतं, एका हुशार मुलीनं भट्टी पेटवून त्याला चुकवत जाणारी एक अख्खी जाळी घडवली होती. माझ्या भिंतीत चुना नसेलच. असेल ती या म्हातारीची माया, नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेली, आणि ती चुकवण्यासाठी माझं एक मूत्रपिंड जाणार होतं.

किंवा असंही असेल की चुना आहे. शिसंही आहे आणि चुनाही आहे. मी घरात येरझारा घालत राहिले. बोलले तर सगळं परत: चित्र परत, भट्टी परत, जाळी परत, आणि तेवढे दिवस तो फुगा प्रत्येक ठोक्याला थोडा थोडा. नाही बोलले तर ठरल्या तारखेला दार उघडं, जाळी तयार, धातूनं आपलं रूप पाठ केलेलं. एकावरही माणूस जगतो. गप्प बसणं किती सोपं होतं. शिशाचा तुकडा मागच्या खाडीत फेकला असता तर तळाला गेला असता, ते त्याचं कामच. कोर्टासमोर बसून मी इतकी माणसं पाहिली, खरं बोलायला आलेली आणि खोटं टाइप करून गेलेली, आणि त्यांच्याकडे बघून मनात म्हणायची, इतकं काय अवघड आहे? अवघड हे आहे की खरं बोलल्यावर वेळ जातो. आणि वेळ माझ्याकडे पोटात होता, लिंबाएवढा. आरशासमोर उभी राहिले तर गळ्यातली शीर उडताना दिसत होती. ती मोजायची नाही म्हणून डोळे मिटले, तर कानात वाजायला लागली.

"आय, मला फोन करायला पाहिजे. त्या मुलीला सांगायला पाहिजे."

सासूबाईंचा चेहरा उतरला. कळलं त्यांना, सगळं नाही, पण पुरेसं. "आता नको. हरेश दर्यात हाय. बोट बाहेर असली की दुखन्याची बात काढायची न्हाय, आपल्यात न्हाय काढत. तो आला की बोल."

"तो येईपर्यंत थांबू?"

"दोन दिस तं." मग आवाज खाली आणून, "माना पोलिसात देतील काय गो?"

"तुम्हाला? मलाच दया येईल पोलिसांची." त्या हसल्या नाहीत. भिंतीला धरून खाली बसल्या, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की त्यांचे हात थरथरतात. एवढे एकसारखे टाके या हातांनी कसे घातले असतील? मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, मी दुकानात गेल्यावर, खिडकीपाशी गाऊन मांडीवर घेऊन. मला त्यांचा राग यायला हवा होता. राग शोधत मी आत आत गेले आणि तिथं फक्त भीती होती, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून एक म्हातारी भीती.

मी फोन लावला. मृणालीनं उचलला तेव्हा मागं पंपाचा ठोका ऐकू येत होता; माझ्या नळीत अजून पाणी खेळत होतं. मी सांगितलं. सरळ सांगायचं ठरवूनही सुरुवात 'तुम्ही हसाल' अशी झाली. ती हसली नाही. तिनं पंप बंद केला, ठोका थांबला. मग म्हणाली, "काकू, आम्हाला मधला भागच कापून पाठवला होता. बाहेरचं काही दिसतच नव्हतं. धातू अंगाबाहेर असला तरी त्याची रेघ चित्रात आत भिंतीपर्यंत ओढली जाऊ शकते. रेघ होती. मला जरा विचित्र वाटली होती, पण रिपोर्टमध्ये चुना लिहिलं होतं." मग घाईघाईनं, "तुकडा टाकू नका. फोटो पाठवा. आणि उद्या पहिल्या गाडीनं या." तिच्या आवाजात भीती होती. तज्ज्ञ माणसाच्या आवाजात भीती ऐकणं काय असतं ते त्या दिवशी कळलं; बाबा गाणं म्हणायचे थांबले असते तर मला जसं वाटलं असतं, तसं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलचा गाऊन घालून मी पुन्हा त्या कड्यात गेले. या वेळी पोटावर, पाठीवर, कुशीवर नर्सनं हात फिरवून बघितला, विमानतळावर बघतात तसा. श्वास रोखला. संध्याकाळपर्यंत चित्र आलं, आणि डॉक्टरांनी मला बोलावून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. डावीकडची पांढरी रेघ गेली होती. तिथं भिंत होती, करडी, मऊ, धरायला चांगली. जाळी खाली धरता येईल, मूत्रपिंडाच्या वाटेला जायचं कारण नाही. मी श्वास सोडला असेन, कारण डॉक्टर म्हणाले, थांबा. फुगा वाढला होता. मधल्या आठवड्यांत थोडासा, पण वाढला होता. आता दोन वाटा. तयार जाळी आहे ती याच आठवड्यात घालू. फुगा झाकला जाईल, डाव्या मूत्रपिंडाची खात्री नाही. किंवा मृणाली नवी घडवते, तीन आठवडे, घाई करून. पण तेवढे दिवस तो पोटात तसाच. "मी तुमच्या जागी असतो तर," असं म्हणून डॉक्टर थांबले, आणि पुढचं बोलले नाहीत. मला ते आवडलं. माझ्या जागी कुणीच नव्हतं.

मृणाली दाराशी उभी होती, केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. मी तिला विचारलं, "तुझ्याकडून होईल का गो?" ती म्हणाली, "होईल." मग म्हणाली, "मला भीती वाटते, काकू." मी म्हटलं, "मग ठीक आहे. नवीच कर."

हरेश्वर आला, सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी बोट किनाऱ्यावरच ठेवली. मी दुकान बंद केलं. जड उचलायचं नाही, खोकायचं नाही, कुंथायचं नाही, चिडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणजे या घरात राहायचं नाही असंच. मी पलंगावर पडून छताकडे बघत दिवस घालवते. दिवस कसले, ठोके. एक येतो आणि जातो, आणि मधल्या रिकाम्या जागेत मी पुढचा ऐकायला कान लावून बसते. सासूबाई चार दिवस माझ्या खोलीत आल्या नाहीत. ताट दारातून सरकवायच्या. काल दुपारी आल्या. पलंगाच्या कडेवर बसल्या, चाचपडत.

"राग आलाय तुला माजा."

"डॉक्टरांनी मनाई केलीय रागवायची."

"मनाई नसती तं आला असता?"

"आला असता थोडा. शेवग्याच्या शेंगेएवढा." त्या तोंडाला पदर लावून बसल्या. मग म्हणाल्या, "कुठं हाय गो तो?" मी त्यांचा हात धरला, बोंबलाचा वास येणारा, खरखरीत, आणि बेंबीच्या वर, जरा डावीकडे ठेवला. पहिल्या ठोक्याला त्यांनी तो झटकन उचलला, विस्तव लागल्यासारखा. माझ्याकडे बघितलं, मी दिसत होते की नाही कोण जाणे. मग हळूच पुन्हा ठेवला. दाबला नाही. बाहेर कुणीतरी बर्फाचा टेम्पो उलटा घेत होतं, कोंबडी ओरडत होती. मी डोळे मिटले. आता तो आवाज मला एकटीला ऐकायचा नव्हता. पुढचा ठोका यायच्या आधी त्यांची बोटं किंचित ताठ व्हायची, आणि आला की सैल पडायची.

"चाललाय," त्या म्हणाल्या, आणि हात तिथंच ठेवला.